टाइमटेबलात न दिसणारे सहा तास

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१०च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या कामाच्या तासांबद्दल एक कलम होतं. पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ४० तासांपेक्षा कमी नसावा आणि वर्षाला असे ३० आठवडे भरावेत, असं ते सांगायचं. त्या ४० तासांतले प्रत्यक्ष शिकवण्याचे तास असिस्टंट प्रोफेसरला १६, तर असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसरला १४. हे आकडे स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ असतात. त्याच कलमातल्या आणखी दोन गोष्टींबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. शिक्षकाच्या संशोधनासाठी आठवड्याला किमान ६ तास राखून ठेवावेत, ही पहिली. शिक्षकानं रोज किमान ५ तास कॉलेजात उपलब्ध असावं आणि त्यासाठी लागणारी जागा व सोयी कॉलेजनं किंवा विद्यापीठानं पुरवाव्यात, ही दुसरी.

२०१८ मध्ये या नियमावलीची जागा नव्या नियमावलीनं घेतली, सहा तासांचा आकडा त्या जुन्या नियमावलीतला. म्हणजे वेळही कागदावर आली होती आणि जागाही. आता बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या कुठल्याही डिग्री कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर उभे राहा आणि टाइमटेबल वाचा. शिकवण्याचे सगळे तास चौकटींत नीट बसवलेले दिसतील. त्या सहा तासांची चौकट बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. ती तिथे का हवी आणि आली तर तिचा उपयोग कसा करायचा, ते सांगण्यासाठी हा लेख.

"प्राध्यापकांना काय, दोन तास शिकवायचं नि घरी जायचं," हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं, म्हणून आधी थोडं त्याबद्दल. कॉलेज आणि विद्यापीठातल्या शिक्षकानं दुसऱ्यांनी लिहिलेलं शिकवावंच, पण स्वतःही काही शोधावं, तपासावं आणि लिहून चारचौघांपुढे ठेवावं, ही अपेक्षा नेमणुकीतच असते. बढतीची वेळ आली की फायलीत छापलेले पेपर लागतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची झाली की कुठल्या शिक्षकाचे किती पेपर, किती पुस्तकं, याचे तक्ते भरावे लागतात. मोजायच्या वेळी लेखन सगळ्यांना हवं असतं, पण ते कधी आणि कुठे बसून करायचं हे कुणी ठरवून देत नाही. मग ते रात्री अकरानंतर, रविवारी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत ढकललं जातं.

याचा परिणाम आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पैसे भरा आणि आठवड्याभरात पेपर छापून घ्या, असं सांगणारी जर्नल्स बोकाळली. त्यांना आळा घालायला यूजीसीनं विश्वासार्ह जर्नलांची केअर यादी काढली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत ती यादी बंद करून जर्नल पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि शिक्षकांवर सोपवली. याद्या येतील आणि जातील. माझं मत असं की या धंद्याचं मूळ वेळेच्या तुटवड्यात आहे. ज्याला सलग दोन तास मिळत नाहीत पण वर्षाअखेर दोन पेपर दाखवायचे असतात, तोच त्यांचं गिऱ्हाईक होतो.

तास जातात कुठे

४० मधून १६ गेले की २४ उरतात. ऐकायला ते भरपूर वाटतात. त्यातून आधी तयारीचा वेळ काढा. मग इंटर्नल परीक्षा, असाइनमेंट तपासणं, मार्क भरणं. सेमिस्टर पद्धतीत हे वर्षातून दोनदा येतं. परीक्षा आली की सुपरव्हिजन, ती संपली की व्हॅल्युएशन. राज्यातल्या विद्यापीठांच्या यूयूसीएमएस या ऑनलाइन पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती आणि गुण चढवायचे असतात, आणि ते काम सर्व्हरच्या मर्जीनं चालतं. एनएसएस, सांस्कृतिक विभाग, प्रवेश समिती, आयक्यूएसी म्हणजे कॉलेजचा गुणवत्ता कक्ष, हे आहेतच. निवडणूक लागली की तीही ड्यूटी असते.

गेल्या काही वर्षांत यात आणखी भर पडली. कर्नाटकानं नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासून लागू केलं आणि पदवीची रचना बदलली. २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळलं. धोरण चांगलं की वाईट हा वाद बाजूला ठेवू. इतक्या थोड्या काळात दोनदा अभ्यासक्रम बदलला म्हणजे दोनदा नवी टिपणं आणि दोनदा नव्या प्रश्नपत्रिका आल्या. हे सगळं शिक्षकाच्या त्या २४ तासांतूनच गेलं.

मराठी विभागाची गोष्ट आणखी वेगळी आहे. सीमाभागातल्या कॉलेजांत हा विभाग अनेकदा एका-दोघांचा असतो. तोच माणूस विभागप्रमुख, वाङ्मय मंडळाचा अध्यक्ष, आणि भित्तिपत्रकाचा संपादकही तोच. परिपत्रक कन्नडमध्ये येतं, अहवाल इंग्रजीत द्यायचा असतो आणि वर्ग मराठीत घ्यायचा असतो. तीन भाषांत वावरणं ही इथल्या माणसाची ताकद आहे, पण तिलाही वेळ लागतो. तो कुठल्याच वर्कलोडमध्ये धरला जात नाही.

मधल्या तासाला लिहिता का येत नाही

दुसरा आणि चौथा तास वर्गावर, तिसरा मोकळा. तेवढ्यात एक परिच्छेद लिहून होईल असं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. वर्गातून येऊन खडूचे हात धुवून, पाणी पिऊन लॅपटॉप उघडेपर्यंत दहा मिनिटं जातात. गेल्या आठवड्यात वाक्य कुठे सोडलं होतं ते शोधायला आणखी दहा. तेवढ्यात शिपाई रजिस्टर घेऊन येतो, "मॅडम, सर्क्युलरवर सही." स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही हवी म्हणून दोन मुली दारात थांबलेल्या. शेजारच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडून मोजणी चाललेली. फोनवर ग्रुपात मेसेज, 'तातडीने माहिती द्यावी'. मग घंटा होते.

सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला मुद्दा साधा आहे. आपण एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो की मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. त्यामुळे दुसरं काम करायला वेळ मिळूनही त्यात पूर्ण लक्ष लागत नाही. लेखनाला याचा फटका जास्त बसतो, कारण लिहिताना पाच-सहा गोष्टी एकदम डोक्यात धराव्या लागतात. मुद्दा काय, पुरावा कुठला, आधी कोण काय म्हणालं, पुढचा परिच्छेद कुठे न्यायचा. तवा तापायलाच वेळ लागतो. पन्नास मिनिटांच्या मोकळ्या तासात तो तापेपर्यंत उठावं लागतं.

म्हणून आठवड्याला सहा तास 'मिळतात' एवढं म्हणून भागत नाही. पाऊण-पाऊण तासाचे आठ तुकडे मिळून सहा तास होतात आणि दोन-दोन तासांच्या तीन बैठकींचेही सहाच तास होतात. हिशेबात दोन्ही सारखे, कामाच्या दृष्टीनं अजिबात सारखे नाहीत.

रोज लिहावं की सुट्टीत लिहावं

या प्रश्नावर लोक हिरिरीनं वाद घालतात. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात प्राध्यापकांच्या तीन गटांवर वर्षभर लक्ष ठेवलं. पहिल्या गटानं नेहमीसारखं, मोठा मोकळा वेळ मिळेल तेव्हा लिहायचं. दुसऱ्यानं रोज थोडं लिहून त्याची नोंद ठेवायची. तिसऱ्यानं तेच करायचं, शिवाय काय लिहिलं ते कुणाला तरी नियमित दाखवायचं. वर्षाअखेर पहिल्या गटाची सरासरी १७ पानं भरली, दुसऱ्याची ६४ आणि तिसऱ्याची १५७. गट लहान होते, सगळे मिळून २७ जण. त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये. पण पहिला आणि तिसरा यांतलं अंतर दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

त्याच्या उलट बाजूला न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या हेलन स्वर्ड. त्यांनी देशोदेशीच्या १०० अभ्यासकांच्या मुलाखती घेतल्या, हजारावर लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि २०१६ मध्ये लिहिलं की भरपूर आणि चांगलं लिहिणारे बहुतेक लोक रोज लिहीतच नाहीत. कुणी पहाटे लिहितं, कुणी आठवड्याअखेर, कुणी सेमिस्टर संपल्यावर.

मला दोन्ही खरे वाटतात. रोज लिहिण्याचा आग्रह आपल्याकडे चालणार नाही. व्हॅल्युएशनच्या दिवसांत रोज लिहा म्हणणं हा अन्याय आहे. पण बॉइसच्या तिसऱ्या गटातली गोष्ट आपण उचलू शकतो. लेखनाची वेळ आधी ठरलेली असावी आणि ती पाळली का, हे विचारणारं कुणीतरी असावं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्याच मातीतला आहे. कवयित्री इंदिरा संत याच बेळगावात नोकरी करत, एकटीनं मुलं वाढवत लिहीत राहिल्या, त्यांना कुणी स्वतंत्र खोली दिली होती? नव्हती दिली. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण एका असामान्य बाईनं सोसलं म्हणून ते सगळ्यांसाठी धोरण ठरत नाही. त्या काळात सोय नसल्यामुळे कोण कोण लिहायचं राहून गेलं, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे.

खोली कशी असावी

नवी इमारत नको. दार बंद होणारी एक खोली, चार टेबलं, पाठ न दुखवणाऱ्या खुर्च्या, पुरेसे प्लग. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा बॅकअपची एक लाइन. दारावर वेळेचा तक्ता. त्या वेळेत आत कुणी सह्या घ्यायला जायचं नाही, अगदी प्राचार्यांचा निरोप असला तरी. बहुतेक कॉलेजांत अशी एखादी खोली असते, तिच्यात जुने बेंच आणि मागच्या स्नेहसंमेलनाचे बॅनर भरून ठेवलेले असतात.

घरी लिहा, असंही सुचवलं जातं. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्यांनी जरूर लिहावं. बेळगावच्या शहापुरातल्या किंवा वडगावातल्या दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे, मुलांचा अभ्यास, स्वयंपाक यांच्यात बाई लॅपटॉप उघडून बसली की ती मोकळी आहे असंच घरचे धरतात. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो, पण लेखन होत नाही. म्हणून ही जागा कामाच्या ठिकाणी हवी.

एकत्र बसून लिहिण्याची पद्धत स्कॉटलंडमध्ये रोवेना मरे यांनी नीट बसवली. ठरलेल्या वेळा, सगळे एका खोलीत, प्रत्येक जण आपापलं लिहितो. आमच्या ओळखीतले काही शिक्षक शनिवारी दुपारी असे बसतात, मीही त्यात असते. ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला संदर्भग्रंथांची खोली आहे. दाराजवळ स्टुलावर एक बुट्टी ठेवलेली असते, तिच्यात फोन टाकायचे. घरी कुणी आजारी असेल तर ग्रंथपालांचा नंबर घरी देऊन ठेवायचा. सुरुवातीला प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, आणि ते नेमकं हवं. "पेपर लिहायचाय" चालत नाही. "वखारीतल्या बायकांच्या मुलाखतींवरचे दोन परिच्छेद पुरे करणार" हे चालतं. मग एक तास पूर्ण शांतता. पहिली दहा मिनिटं चुळबुळ असते, कुणी पंखा कमी-जास्त करतं, कुणी फाइलचं नाव बदलत बसतं. नंतर सगळं स्थिरावतं.

एक नियम मात्र आम्ही कडक ठेवला आहे. संदर्भ शोधायला उठायचं नाही. साल आठवत नसेल तर तिथे चौकोनी कंसात 'साल पाहणे' एवढं लिहून पुढे जायचं. पहिल्यांदा ते फार जिवावर येतं. पण लेखन बहुतेक वेळा तिथेच निसटतं. एक तारीख पाहायला म्हणून इंटरनेट उघडलं की अर्धा तास गेला. चहानंतर पुन्हा पाऊण तास. शेवटी काय झालं, काय राहिलं ते सांगून उठायचं. एकमेकांचं लेखन वाचायचं बंधन नाही. आमच्यात रसायनशास्त्राच्या एक मॅडम आहेत आणि कन्नडचे एक सर आहेत. ते कन्नडमध्ये लिहितात, मी मराठीत, मॅडम इंग्रजीत. त्यानं काही अडत नाही.

आपण लिहिलं नाही तर

भाषाविज्ञानाच्या जगात आपल्या या पट्ट्याचं नाव आहे ते सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडमुळे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या लोकांच्या भाषा शब्दांनी वेगळ्या राहूनही वाक्यरचनेत एकमेकींच्या इतक्या जवळ आल्यात की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी हा निबंध जगभर शिकवला जातो. जे कुपवाडमध्ये दिसलं ते खडेबाजारात, बेळगाव-खानापूर बसमध्ये आपण रोज ऐकतो. त्यावर इथल्या माणसानं लिहावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी कान तर आहेत, वेळ हवा.

निपाणीच्या तंबाखूचंही तसंच. १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. तेव्हा तिथे असलेली माणसं आता थकली आहेत. वखारीत काम केलेल्या बायकाही. त्यांच्याशी बोलून ते लिहून ठेवायला घाई करायला हवी, आणि हे काम रात्री अकरानंतर उरलेल्या वेळात होणारं नाही.

संदर्भसाहित्याची एक अडचण मात्र खास आपली आहे. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ होईपर्यंत बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. मराठीची जुनी नियतकालिकं, प्रबंध पाहायचे तर पाय अजूनही कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाकडे वळतात. माझा सल्ला असा की कोल्हापूरला जाल तेव्हा फक्त वाचा, फोटो काढा, टिपणं घ्या. तिथे लिहायला बसू नका आणि इथल्या लेखनाच्या तासात वाचायला बसू नका. दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही अर्धवट राहतात.

मागायचं कसं

सेमिस्टर सुरू झाल्यावर मागून उपयोग नाही, टाइमटेबल तोवर लागलेलं असतं. ते तयार करणारी समिती बसण्याआधी प्राचार्यांना एक पानी अर्ज द्यावा. एकट्यानं देण्यापेक्षा तीन-चार विभागांतल्या शिक्षकांनी मिळून दिलेला बरा. त्यात २०१०च्या नियमावलीतल्या सहा तासांचा आणि जागेचा दाखला द्यावा, आणि सध्या लागू असलेली नियमावली काय म्हणते तेही पाहून घ्यावं. एकदम सहा तास मागण्यापेक्षा पहिल्या सेमिस्टरला दोन-दोन तासांच्या दोन सलग चौकटी मागाव्यात, आणि त्या वेळेत मीटिंग लावू नये एवढी लेखी विनंती करावी. सहा तास पूर्ण मिळाले तर ३० आठवड्यांचे १८० तास होतात, म्हणजे दोन तासांच्या ९० बैठका. त्यातल्या निम्म्या परीक्षांनी खाल्ल्या तरी एक चांगला निबंध आणि पुस्तकाचं एखादं प्रकरण उभं राहायला जागा उरते. प्राचार्य कचरत असतील तर आयक्यूएसीच्या समन्वयकांना सोबत घ्यावं. नॅकला दाखवायला टाइमटेबलातली चौकट आणि खोलीचा तक्ता हे दोन्ही त्यांना उपयोगी पडतात.

निपाणीत तर ही मागणी दोन राज्यांत एकाच वेळी करता येईल. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला लागून असलं तरी ते कोल्हापूर जिल्ह्यात आणि शिवाजी विद्यापीठाखाली. तिथून थोड्या अंतरावरची कॉलेजं कर्नाटकात. विद्यापीठ वेगळं, परीक्षांच्या तारखा वेगळ्या, पण यूजीसीचा नियम दोन्हीकडे तोच. दोन्हीकडच्या शिक्षकांनी एक खोली मिळून वापरली तर ती रिकामी राहणार नाही, कारण दोन्हीकडच्या परीक्षा एकाच आठवड्यात येतीलच असं नाही.

ज्यांनी सात वर्षं असोसिएट प्रोफेसर किंवा प्रोफेसर म्हणून काढली आहेत, त्यांच्यासाठी वर्षभराच्या सब्बॅटिकल, म्हणजे अभ्यास-संशोधनासाठीच्या, रजेची तरतूद आहे. ती जरूर मागावी. तिथवर पोचणारे थोडे, म्हणून तिच्यावर इथे जास्त लिहीत नाही.

जास्त लिहायला हवं ते गेस्ट लेक्चररबद्दल. सरकारी फर्स्ट ग्रेड, म्हणजे पदवी, कॉलेजांत शिकवण्याचा मोठा भार या तात्पुरत्या शिक्षकांवर आहे. त्यातले कितीतरी जण पीएचडी करत असतात किंवा ती पुरी करून कायम नोकरीची वाट पाहत असतात. त्यांना लेखनाची गरज सगळ्यांत जास्त आणि टेबल मात्र बहुधा नसतंच. पाठीवरच्या बॅगेत प्रबंधाची प्रकरणं घेऊन ते एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बसनं जातात. त्यांना सहा तासांचा पगार लगेच मिळवून देणं कुणा एका प्राचार्याच्या हातात नाही. खोली उघडून देणं मात्र आहे. त्यासाठी खोलीची किल्ली विभागप्रमुखांकडे न ठेवता ग्रंथपालांकडे ठेवावी, सुट्टीच्या महिन्यांतही ती मिळेल अशी सोय करावी, आणि दारावरच्या यादीत गेस्ट लेक्चररांची नावं कायम शिक्षकांच्या नावांत मिसळून, आडनावांच्या क्रमानं लावावीत.